दोन चाकें कीं चार?

प्रवासास निघतांना कोणती पिशवी हातीं घ्यावी यावरून आमच्या घरांत पूर्वीं कधीं वाद झाल्याचें स्मरत नाहीं. लोखंडी ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या एवढी सिद्धता झाली कीं आमचे तीर्थरूप स्टेशनाची वाट धरीत. ट्रंक हमालाच्या डोक्यावर, वळकटी आमच्या खांद्यावर आणि तांब्या मातोश्रींच्या हातीं, ही वांटणी ठरलेली असे. गेल्या श्रावणांत मात्र हा वाद आमच्या घरीं तीन दिवस चालला, आणि त्यांत वडील वहिनींपासून अकरावींतल्या पुतणीपर्यंत सर्वांनीं भाग घेतला.

निमित्त असें झालें. आमच्या कन्येस बंगळूर येथें दिवस भरत आले होते, आणि तिच्या आईनें तेथें जाऊन राहणें अवश्य होतें. आमच्या वडील बंधूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच पंधरवड्यांत ठरलेली, त्यामुळें आम्हांस घर सोडतां येईना. तेव्हां सौभाग्यवतींनीं एकटीनें विमानानें जावें असें ठरलें. अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वीं मोरींत पाय घसरून त्यांचें उजवें मनगट मोडलें होतें. हाड सांधलें, परंतु ओलें लुगडें पिळावयाचें म्हटलें कीं अजून त्या सुनेस हांक मारतात. घरांत जी चाकांची बॅग होती ती आमच्या निवृत्तीच्या वेळीं घेतलेली, दोन चाकांची. ती त्यांनीं माजघरापासून दिंडी दरवाजापर्यंत ओढून पाहिली, आणि तेथेंच उभी करून म्हणाल्या, "अहो, एवढ्यांतच मनगट बोलूं लागलें. तिकडे अर्धा मैल चालवतात म्हणे."

येथून आमचा अभ्यास सुरू झाला. शाळामास्तरास विषय मिळाला कीं तो पुस्तकें व फळा शोधतो; आम्हीं फूटपट्टी व काटा शोधला.

प्रथम थोडा इतिहास सांगतों, कारण तो उलटा आहे. सामान्य समजूत अशी कीं आधीं दोन चाकें आलीं व पुढें सुधारणा होऊन चार झालीं. वस्तुतः अमेरिकेंत बर्नार्ड सॅडो नांवाच्या गृहस्थांनीं चाकांच्या बॅगेचें जें पेटंट मिळविलें (वर्ष १९७२), तींत चारच चाकें होतीं. अरूबा बेटावरून सहकुटुंब परत येतांना दोन जड बॅगा वाहून ते मेटाकुटीस आले होते, आणि त्याच वेळीं एक कामकरी मनुष्य चाकांच्या पाटावरून अवजड यंत्र सहज ढकलून नेत असलेला त्यांना दिसला. त्यांची बॅग पट्ट्यानें ओढावयाची असे, व ती वळणावर आडवी होई. १९८७ सालीं रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें ती उभी केली, चाकें दोनच ठेविलीं आणि आंतून बाहेर येणारा लांब दांडा बसविला. प्रथम ती वैमानिक व हवाई सेविका यांच्याच हातीं दिसे. त्यांच्याकडे पाहून प्रवासी मागूं लागले. चहूंकडे वळणाऱ्या चार चाकांची बॅग त्यानंतरची. म्हणजे चार, दोन, पुन्हां चार असा हा क्रम आहे. आमच्या पूर्वजांस या वादाचें नवल वाटलें नसतें. ऋग्वेदांत सूर्याच्या रथास एकच चाक आहे आणि अश्विनीकुमारांच्या रथास तीन. सामान वाहण्याची जबाबदारी त्यांच्यापैकीं कोणावरच नव्हती, हें मात्र खरें.

आतां दोहोंतील मर्म पाहूं. दुचाकी बॅग कलती करून ओढावी लागते, तेव्हां ती तरफ होते. टेकू चाकांचा, भार बॅगेचा, बळ आपल्या हाताचें. आम्हीं आमच्या बॅगेचें माप घेऊन हिशेब केला. नेहमींच्या कलतेपणांत एकंदर वजनाचा सातवा ते पांचवा भाग हातावर येतो. सात किलोंच्या बॅगेंत हा भार एक ते दीड किलो झाला. निरोगी हातास हें कांहींच नव्हे. पण हात मागें वळलेला, मनगट पिळलेलें आणि चाल लांबची, अशा स्थितींत दुखऱ्या मनगटास तें पुष्कळ आहे. जड वस्तु चाकांजवळ तळाशीं ठेविल्या तर हा भार घटतो, एवढा उपाय आहे. चौचाकी बॅग उभीच चालते. सारा भार चाकें घेतात. हातानें केवळ दिशा द्यावयाची, आणि तीही डाव्या हातानें, शेजारी चालवीत देतां येते. विमानांतल्या अरुंद वाटेनें ती आडवी सरकवीत नेतां येते, ही तिची आणखी एक सोय.

परंतु लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारानें एका बोटानें ती गर्रकन् फिरवून दाखविली तेव्हां आम्ही भुललों नाहीं. घोटलेल्या फरशीवर कोणतीही बॅग राजहंसासारखी चालते. आम्हीं ती पदपथावर चालवून पाहण्याची परवानगी मागितली. त्यास तें रुचलें नसावें, पण पांढऱ्या केसांकडे पाहून त्यानें दिली. पदपथाच्या पहिल्याच सांध्यांत तिचें पुढचें चाक अडकलें व बॅगेनें आम्हांस साष्टांग नमस्कार घातला. याचें कारण उघड आहे. चहूंकडे वळणारें चाक लहान असतें, बारीकशा खुंटीवर फिरतें, आणि वाटेंतली प्रत्येक फट त्यास नवी दिशा सुचविते. दुचाकीचीं चाकें बहुधा मोठीं, एकाच दिशेनें बसविलेलीं, बॅगेच्या कोपऱ्यांत अर्धीं दडलेलीं असतात. खडबडीत रस्ता, फरसबंदी, रस्त्याची कड हें सारें तीं निमूटपणें सोसतात. आमच्या वाड्यापासून रिक्षा मिळेपर्यंतच्या बोळांत चौचाकी बॅग चालविणें म्हणजे हट्टी वांसरूं बाजारास नेण्यासारखेंच. मऊ गालिचाही तिला मानवत नाहीं. मुंबईच्या २०१४ सालीं उघडलेल्या दुसऱ्या टर्मिनलांत गालिचे अंथरलेले आहेत. तेथें चौचाकीस फरशीपेक्षां अधिक जोर लावावा लागतो, हें आम्हीं पूर्वीं पुतण्याच्या बॅगेवरून अनुभविलें आहे.

उतारावर तर ती आपली राहत नाहीं. हात सुटला कीं निघाली. विमानाकडे नेणाऱ्या बसमध्यें ती आडवी निजवावी, किंवा दोन पायांत धरावी, हें आम्हीं सौभाग्यवतींस दोनदां सांगितलें.

दुचाकीसही एक खोड आहे. घाईनें ओढतांना ती कधीं एका चाकावरून दुसऱ्यावर हिंदकळूं लागते, आणि पाहतां पाहतां उलथते. पॅरिस येथील शास्त्रज्ञांनीं याचा रीतसर अभ्यास करून २०१७ सालीं तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. हिंदकळूं लागल्यावर आपण थबकतों, तेंच चुकतें. वेग किंचित् वाढवावा, अथवा दांडा जमिनीकडे अधिक झुकवावा, म्हणजे डोलणें शमतें, असें त्यांचें सांगणें. आम्हीं अंगणांत प्रयोग केला. शेजारच्या मुलांची करमणूक झाली, आणि बॅग खरोखरच शांत झाली.

आतां मापाचा प्रश्न, आणि घरांतील खरी लढाई येथेंच झाली. आपल्याकडील बहुतेक विमान कंपन्या हातीं नेण्याच्या बॅगेस सात किलो वजन व तिन्ही मापांची बेरीज ११५ सें. मी. एवढी मर्यादा घालतात. ५५, ३५ व २५ हें नित्याचें माप. या ५५ मध्यें चाकेंही धरलीं जातात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. चौचाकीचीं चाकें तळाखालीं सबंध बाहेर असतात. तीं पांच सें. मी. उंच धरलीं तर पेटी ५० चीच उरते, आणि ५ × ३५ × २५ म्हणजे ४,३७५ घन सें. मी., सुमारें साडेचार लिटर जागा आपण चाकांस दिली. दुचाकींत चाकांचे खळगे आंतल्या कोपऱ्यांत येतात, त्यामुळें तिचीही थोडी जागा जाते, परंतु इतकी नाहीं. दुकानांतल्या काट्यावर रिकामी दुचाकी २.३ किलो भरली व चौचाकी २.८. म्हणजे सात किलोंतून एकींत ४.७ किलो सामान मावणार, दुसरींत ४.२. अर्धा किलो! वडील वहिनींनीं लगेच सांगितलें कीं अर्धा किलो म्हणजे बाळंतिणीचे इतके लाडू, आणि लाडू कमी करावयाचे नाहींत. पुतणीचें म्हणणें, लाडू मोठ्या बॅगेंत घालून ती विमान कंपनीच्या स्वाधीन करावी. वहिनींस हें पटेना. लाडू परक्याच्या स्वाधीन करण्याची रीत त्यांच्या माहेरीं नव्हती.

आमचें मत विचाराल, तर धडधाकट मनुष्यानें, विशेषतः ज्यास एस्. टी. चे स्थानक, जुन्या पेठा व रेल्वेचे जिने तुडवावयाचे आहेत त्यानें, दुचाकीच घ्यावी. ती अधिक टिकते, अधिक सामान घेते, जिन्यावरून पायरी पायरीनें ओढतां येते, आणि तिच्या चाकांत केस व दोरे कमी गुंततात. आमचें हें मत आम्हीं घरांतही मांडलें. सौभाग्यवतींनीं तें शेवटपर्यंत ऐकून घेतलें व म्हणाल्या, "तुमचें सारें खरें. पण जावयाचें मला आहे, आणि मनगट माझें आहे."

यावर तोड नव्हती. आम्हीं चौचाकी घेतली. घेतांना चाकें स्क्रूनें बसविलेलीं आहेत ना, हें पाहून घेतलें. खिळून टाकलेलें चाक मोडलें तर दुरुस्त करणारा हात जोडतो. दांडा पुरता वर ओढून हालवून पाहिला. जो दुकानांतच खडखडतो तो प्रवासांत राहत नाहीं.

निघण्याच्या दिवशीं पुतण्यानें बॅग बोळांतून खांद्यावर नेली. घरच्या कांट्यावर ती ६ किलो ८०० ग्रॅम भरली होती. लाडवांचा डबा, झबलीं, दुपटीं, मेतकूट आणि आमचें एक पत्र इतका ऐवज तींत होता. मनगटाचा पट्टा वरच्या खणांत. सायंकाळीं बंगळुराहून दूरध्वनि आला. विमानतळावर बॅग जणूं स्वतःच चालत होती, मनगट दुखलें नाहीं, मात्र बसमध्यें बोलण्याच्या नादांत ती हातून सुटली, आणि तीन उतारूंच्या पायांशीं जाऊन एका मुलाच्या बुटाशीं थांबली. आमची सूचना आठवली काय, असें आम्हीं विचारलें. त्यावर उत्तर आलें, "आठवली, बॅग सुटल्यावर."

नऊ दिवसांनीं नात झाली. आमची जुनी दुचाकी पुतणीनें मागून घेतली आहे. तिच्या महाविद्यालयाची सहल निघावयाची आहे, आणि वसतिगृहास जिना आहे.