हिंदुराव धोंडे पाटील कुठल्या गावचे?

आज एका बड्या पुढाऱ्याची ओळख करून घेऊ या. नाव हिंदुराव धोंडे पाटील. मतदारयादीत शोधायला जाऊ नका हं, सापडायचे नाहीत! ते जन्मले विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून. डॉ. जब्बार पटेलांच्या 'सामना' चित्रपटात निळू फुल्यांनी त्यांना चालतं-बोलतं केलं. चित्रपटाचे निर्माते होते नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे कवी रामदास फुटाणे. १९७५ साली 'सामना' थेट बर्लिनच्या महोत्सवात पोचला.

हिंदुराव साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. आता कारखाना म्हटलं की नगर जिल्हा आठवणारच! लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. सावकाराच्या कर्जात बुडालेला शेतकरी इथे मालक झाला. प्रत्येक सभासदाला एक मत, मग शेत दोन एकर असो की वीस.

मग यात हिंदुराव कुठून आले? थोडं ऊसवाल्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघा. ऊस तोडणीला आला की वेळेवर तोडावा लागतो. तोड लांबली तर ऊस वाळतो, वजन घटतं, पैसे कमी येतात. तोड कुणाला आधी द्यायची, नोकरीला कुणाला घ्यायचं, हे एकाच माणसाच्या हाती गेलं, तर त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार? मत असतं, पण द्यायला हात थरथरतो. हिंदुरावांचं राज्य या भीतीवर उभं आहे. तसे ते गोड बोलतात, पाहुणचारही करतात. मला तर त्यांच्या रागापेक्षा त्या गोडव्याचीच जास्त धास्ती वाटते!

अशा गावात येतो एक मास्तर. दारूच्या आहारी गेलेला, थकलेला. पण कधीकाळी स्वातंत्र्यासाठी लढलेला. ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. गावातला मारुती कांबळे हा सैन्यातून परतलेला माणूस नाहीसा झालाय आणि त्याच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. मास्तर मात्र विचारत राहतो, की त्याचं पुढे काय झालं? हाती ना काठी, ना खुर्ची. तो एवढा एक प्रश्न पाटलांच्या सत्तेला सुरुंग लावतो.

हिंदुराव म्हणजे अमुकच पुढारी, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. लेखक दहा ठिकाणचं पाहून एक माणूस घडवतो. अमेरिकेत रॉबर्ट पेन वॉरन यांच्या १९४६ च्या कादंबरीत विली स्टार्क नावाचा असाच पुढारी आहे. गरिबांसाठी लढत वर आलेला आणि सत्ता मिळाल्यावर बदललेला. तो वाचून लोकांना लुइझियाना राज्याचे गव्हर्नर ह्यूई लाँग आठवत. हिंदुरावांचा ऊस तिकडेही उगवतो म्हणायचा!

'सामना'त दारू आहे, खूनही आहे. तेव्हा लहानांनी तो आई-बाबांबरोबरच पाहावा. आणि पडद्यावरच्या त्या पाटलाला पाहून घाबरलात, तर एक लक्षात असू द्या. निळूभाऊ तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे, आणि राष्ट्र सेवा दलाचं कामही!