बागेस माणूस ठेवण्यापूर्वी

आंब्यास मोहोर दिसू लागला म्हणजे आमच्या कणकवलीकडील बागायतदारांस राखणदाराची व गड्यांची आठवण होते. मग जो इसम प्रथम समोर येईल, त्यास कामावर ठेवण्यात येते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्यास जोतास जुंपून चार फेर घालतो. परंतु ज्याच्या हाती वर्षाचे पीक सोपवावयाचे, त्याची परीक्षा करण्यास मात्र आपणास सवड नसते!

या बाबतीत कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लोखंडी नांगर करणाऱ्या या गृहस्थांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलनजीकच्या ओसाड माळावर कारखाना वसविला. तेथे त्यांच्या हाताखालील अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षणही अपुरे होते. तथापि ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. शिक्षा भोगलेल्या दोघा दरोडेखोरांस लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले व ते विश्वासू निघाले. यावरून कोणाच्याही हाती किल्ल्या द्याव्या, असा अर्थ कोणी घेऊ नये. माणसाचा दाखला, जात व नातेगोते यांपेक्षा त्याचे काम पाहावे, एवढेच तात्पर्य होय.

काम कसे पाहावे? पावसाळा सरताच माणूस शोधावा. निकड लागल्यावर निवड होत नाही. "बागेचे काम येते काय?" असे विचारल्यास सर्वच होय म्हणतात. त्याऐवजी बांडगूळ धरलेले कलम दाखवावे. जो ते वरवर छाटतो, त्याच्या मागे ते पुन्हा फुटते. जो खालच्या फांदीच्या भागासकट कापतो, तो जाणता समजावा. फवारणीचे काम सांगितले असता औषधाचे प्रमाण व वाऱ्याची दिशा विचारणारा गडी आपला पैसा वाचवील. तोडणीचे गडी घेताना हाती झेला देऊन दहा फळे काढवावीत. देठासह काढतो की ओढून तोडतो, हे तत्काळ कळते. चीक सालीवर पसरला की डाग पडून फळाची किंमत उतरते.

नेपाळातून राखणीस येणाऱ्या माणसांस आपली भाषा बेताचीच येते. त्यांचे बोलणे न तोलता काम तोलावे. पूर्वीच्या मालकास एकच प्रश्न करावा : "यास पुन्हा ठेवाल काय?" उत्तर देताना तो थांबला, तर कारण विचारावे, आणि त्या माणसाचेही म्हणणे ऐकावे, कारण दोष मालकाचाही असू शकतो.

माणूसही आपली परीक्षा करीत असतो, हे विसरू नये. पगार, तो देण्याचा दिवस, शिधा, मांगरातील निवारा, आजारपणाची व्यवस्था व गावी जाण्याची मुदत ही प्रथमच ठरवावी. महसुली दप्तर सांभाळताना आम्हांस एवढे कळले की, तोंडी ठराव दोघांस दोन प्रकारे आठवतो. म्हणून अटी लिहून, त्यास समजेल अशा भाषेत वाचून दाखवून, एक प्रत त्याच्या हाती द्यावी. उचल दिल्यास तारखेसह नोंदवावी. पहिला पंधरवडा उभयतांनी कसोटीचा मानावा. त्याची मजुरी मात्र पुरी द्यावी.

चांगला गडी दुसऱ्या वर्षी आपण होऊन परत आला, तर निवड बरोबर झाली असे समजावे. तो न आल्यास नवा शोधण्यापूर्वी, तो का आला नाही याची चौकशी अवश्य करावी.