शिबुयातला गायकवाड

जून 1998. टोकियोचा शिबुया भाग म्हणजे तरुण पोरापोरींची, फॅशनची पेठ. तिथलं ‘सिनेमा राइज’ हे चित्रपटगृह आडवाटेच्या परदेशी चित्रपटांसाठी चोखंदळ मंडळींत नावाजलेलं. आणि तिथे लागलं काय? चक्क तमिळ मसालापट! पावणेतीन तासांचा, गाणी, मारामाऱ्या, ताटातुटी, सगळं ठासून भरलेला. दोन आठवडे टिकला असता तरी पुष्कळ झालं असतं. तो चालला 23 आठवडे.

चित्रपट होता ‘मुथु’. आपल्याकडे 1995 च्या दिवाळीत आलेला. नायक जमीनदाराचा गाडीवान आणि शेवटी तोच खरा वारस निघतो. एदोकी नावाच्या जपानी समीक्षकाने तो सिंगापुरात पाहिला आणि त्याला राहवेना. हा जपानात गेलाच पाहिजे, असा ध्यासच त्याने घेतला. जपानी पोस्टरवर नाव आलं ‘मुथु: ओदोरु महाराजा’, म्हणजे नाचणारा महाराजा. हा महाराजा कोण, ते तुम्हाला सांगायला नकोच: बंगळूरच्या मराठी घरातला, एकेकाळी बसमध्ये तिकिटं फाडणारा शिवाजीराव गायकवाड. अर्थात रजनीकांत.

सत्यजित राय तिथल्या जाणकारांना आधीपासून ठाऊक होते. पण रजनीकांत? ना भाषा कळते, ना चालीरीती. बरं, जपानी सबटायटलची शिस्त भलतीच कडक: सेकंदाला साधारण 4 अक्षरं, कारण संवाद चालू असेल तेवढ्याच वेळात तो डोळ्यांनी वाचून व्हायला हवा. आता कल्पना करा, पडद्यावर तमिळ संवादांची फैर झडते आहे आणि भाषांतरकाराच्या हातात आहेत मोजून आठ-दहा अक्षरं! शब्दांचे खेळ, कोपरखळ्या, म्हणी, बरंचसं गळूनच जाणार. मग उरलं काय, ज्यावर लोक एवढे फिदा झाले?

माझ्या मते उत्तर काबुकीत आहे. जपानच्या या चारशे वर्षांच्या नाट्यप्रकारात ऐन रंगात आलेला नट एकाएकी थिजतो. मान झटक्यात वळते, डोळे वटारले जातात, बोटं ताणली जातात. या पवित्र्याला म्हणतात ‘मिए’. त्याच क्षणी रंगमंचाच्या कडेला बसलेला माणूस लाकडाचे दोन ठोकळे फळीवर आपटतो: खट्, खट्! आणि मागच्या स्वस्तातल्या जागांवरून मुरलेले रसिक नटाच्या घराण्याच्या नावाने आरोळी ठोकतात. ही आरोळी म्हणजे रसभंग नव्हे. ती नेमक्या क्षणी पडली नाही तर प्रयोगच अळणी वाटतो.

आता रजनीकांतकडे पाहा. खांद्यावरचा पंचा गर्रकन फिरतो, तर सूं असा आवाज. मान वळली की आवाज, बोट उचललं की आवाज. मग क्षणभर थांबा, आणि चेन्नईत शिट्ट्या! ठोकळे तिथे फळीवर आपटतात, इथे ध्वनिपट्टीवर. दोन परंपरांची गाठभेट नाही, देवाणघेवाण नाही, तरी नट आणि प्रेक्षक यांच्यातला करार तोच. संगीत नाटकाला ‘वन्स मोअर’ देणाऱ्या आपल्या पणजोबांनाही तो कळला असता.

एरवी जपानी प्रेक्षक म्हणजे चित्रपटगृहात चिडीचूप. शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत उठणारही नाहीत. म्हणून तर ‘मसाला खेळ’ ही तिथली गंमत अफाट! या खास खेळांना लोक साड्या नेसून येतात, खंजिऱ्या वाजवतात, नायकाच्या प्रवेशाला ओरडतात, कागदाचे तुकडे उधळतात. आणि खेळ संपला की? तोच कागद हातांनी गोळा करून जागा लख्ख करून जातात. आपण उधळायला शिकवलं, हा भाग मात्र त्यांचा स्वतःचा.

जपानात सर्वाधिक कमाई करणारा भारतीय चित्रपट हा ‘मुथु’चा मान तब्बल 24 वर्षं कोणी हिरावू शकलं नाही. 2022 मध्ये तो राजामौलींच्या ‘आरआरआर’ने घेतला. पुढे 2024 मध्ये ताकाराझुका या शंभरी ओलांडलेल्या नाट्यसंस्थेने ‘आरआरआर’ रंगमंचावर आणला. या संस्थेत पुरुष नट नसतातच. बालगंधर्वांचं स्त्रीरूप डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राने तरी हे ऐकून ठेवावं: मिशांना पीळ देणारे राम आणि भीम, चित्रपटाचे हे दोन्ही नायक तिथे बायकांनी केले, आणि ‘नाटू नाटू’वर नाचल्याही त्याच.