धर्मराजाचा रथ आणि जालन्याची काळी माती

खंडेनवमीच्या सकाळी आपल्या घरोघरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. पूर्वी देवघरासमोर तलवार, कोयता, विळा मांडला जाई आणि अंगणातल्या बैलगाडीच्या जुवाला हळदकुंकू वाहिले जाई. आज जालना जिल्ह्यातील अनेक खेड्यांत त्याच अंगणात पिकअप गाडी उभी असते. तिच्या बॉनेटवर स्वस्तिक काढतात, पुढे झेंडूची माळ बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. घरातील कर्त्या माणसाइतके कष्ट ती उपसते, तेव्हा हा मान तिला मिळणे योग्यच होय. मात्र अलीकडे पूजेला उभ्या असलेल्या काही गाड्या पाहताना आमची नजर माळेवरून खाली घसरते. नाक मुद्दाम उंच केलेले, चाके मडगार्डाबाहेर डोकावणारी. जणू गाडी मागच्या पायांवर बसून आकाशाकडे पाहते आहे.

महाभारताच्या द्रोणपर्वात धर्मराजाचा रथ पृथ्वीपासून चार अंगुले वर चाले, असे सांगितले आहे. अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारताच तो खाली आला. पुढे कर्णपर्वात कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले आणि त्या महारथ्याला युद्ध सोडून चाकाला हात घालावा लागला. आमच्या शेतकऱ्याला ही दुसरी कथा कुणी समजावून सांगावी लागत नाही. आश्विनात सोयाबीन घरी आणायचे असते, कापसाची वेचणी तोंडावर असते, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, पाणंदीत चाकोऱ्या खोल होतात आणि भरलेली गाडी मध्येच रुतते. वापसा होईपर्यंत थांबावे, तर बाजारभाव थांबत नाही. मग चार अंगुले उंचीचा मोह कोणाला होणार नाही?

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या अखेरीस राजूरच्या गणपतीच्या दर्शनाहून परतताना आम्ही जालन्यालगतच्या एका मिस्त्रीच्या शेडपाशी थांबलो होतो. एक तरुण आपली पिकअप घेऊन आला होता. पुढची बाजू दोन इंच उचलावी आणि टायर मोठे बसवावेत, अशी त्याची मागणी होती. घटस्थापनेसाठी गावची पोरे तुळजापूरहून ज्योत आणणार होती आणि धावणाऱ्यांच्या मागे ही गाडी राहणार होती. तिने ऐटीत दिसावे हा हेतू होताच. पण पाणंदीत गाडी अडकते, ही तक्रारही खरी होती.

वृद्ध मिस्त्रीने त्याला गाडीखाली वाकायला लावले. मागच्या आसाच्या मध्यभागी जो लोखंडी गोळा असतो, त्यावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. "घासतो तो हा," मिस्त्री म्हणाला. "पुढचं नाक कितीही उचल, हा केसभरही वर येणार नाही."

मर्म एवढेच आहे, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसते. दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्याला हा गोळाच प्रथम टेकतो. तो आसावर असतो आणि आस चाकांवर. म्हणून त्याची उंची वाढते ती केवळ चाकाने, आणि तीही निम्म्याने. टायरचा व्यास २७ इंचांवरून २९ केला, तर गोळा एकच इंच वर जातो. जुन्या बैलगाडीचे लाकडी चाक उगीच छातीपर्यंत उंच नसे. सुताराला हे गणित पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते.

पुढची उंची मिळवण्याच्या रीती निरनिराळ्या. कमानपाट्यांची गाडी असेल तर पाटा वाढवतात किंवा पाट्याची कडी लांब करतात. स्प्रिंग असेल तर वर जाड चकती बसवतात. पिळाचा दांडा असेल तर त्याचा बोल्ट आवळला की काम झाले. एका पैशाचे सामान लागत नाही, आणि म्हणूनच ही रीत सर्वांत लाडकी. परंतु ही उंची उसनी असते. खड्ड्यात चाकाला खाली उतरण्यासाठी जी जागा राखलेली असते, तीच खर्ची पडते. मग चाक लटकलेले राहते, शॉकअॅब्सॉर्बर शेवटाला आपटतो, बॉल जॉइंट वाकड्या कोनात झिजतात, ब्रेकची नळी ताणली जाते, टायर एका कडेने खाल्ला जातो. पाट्यांच्या गाडीत आसाचा कल बदलला, तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येण्याची सवय सोडते.

मोठ्या टायरचेही असेच. जड चाक थांबवायला ब्रेकला अधिक जोर लागतो, चढावर इंजिनाची ओढ कमी पडते. वर सांगितलेल्या २९ इंची टायरवर काटा ६० दाखवत असता गाडी ६४ च्या वेगाने धावत असते. शेतात हे कळत नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून जालन्याची गाडी सकाळी पाणंदीत आणि दुपारी त्या रुंद रस्त्यावर असू शकते. चिखलासाठी केलेली गाडी वेगाला निराळेच उत्तर देते.

कायदाही येथे संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. अपघात घडला तर विम्याच्या दाव्यावेळी हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. ज्योतीसोबत जाणाऱ्या पोरांना मालवाहू हौद्यात दाटीने बसवणे तर उंचीच्याही आधीचा धोका आहे. आईच्या नावाने निघालेली मुले घरी सुखरूप यावीत, एवढेच त्यांच्या घरच्या माउलीचे मागणे असते.

तरुण तरीही हटेना. "चाचा, सगळेच करतात," तो म्हणाला. मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने बोल्ट दोन इंचांपुरता आवळून दिला आणि म्हणाला, "आता भरून आण बाबा, मग बोलू." जवळच्याच बागेतून मोसंबीचे क्रेट भरून गाडी दिवेलागणीला परत आली. रिकामी असता ऐटीत सपाट दिसणारी तीच गाडी ओझ्याने मागे बसली होती आणि नाक वर गेले होते. मिस्त्रीने दिवे लावायला सांगितले. समोरचा रस्ता अंधारात राहिला आणि कडुलिंबाचा शेंडा लख्ख उजळला. समोरून आलेल्या मोटारसायकलवाल्याने डोळ्यांपुढे हात धरला.

तरुण काही वेळ त्या झाडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उतरवा. पण गोळ्याचं काय?"

त्यावरचे मिस्त्रीचे उत्तर साधेच होते. टायर नेमलेल्याच मापाचे, पण खोल नक्षीचे आणि पुरेशा वजनक्षमतेचे घ्यावेत. ओली पाणंद असेल तेव्हा माल ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत आणावा, पिकअप तेथेच उभी करावी. रिकामी गाडी चिखलातून हळू काढायची असेल, तर टायरची हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर पसरून मातीवर तरंगतो. मात्र डांबरावर येताच ती पुन्हा भरावी, अन्यथा टायर तापून फुटतो. आणि ज्याला नित्य चिखलातूनच जाणे आहे, त्याने चारही चाकांना ओढ देणारी, कारखान्यातूनच उंच आलेली गाडी पाहावी. खरे औषध रस्ताच आहे. शेत व पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली. ज्या गावांत तिचे काम झाले नाही, तेथे ग्रामसभेत त्याचा आग्रह धरावा, असे आम्हांस वाटते.

त्या रात्री बोल्ट पुन्हा सैल झाला. चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांची पातळी नीट करून मगच मिस्त्रीने किल्ली परत दिली. ज्योतीच्या वाटेवर ती गाडी पाणी, औषधे आणि तेलाचा डबा घेऊन संथपणे मागे चालली, आणि पोरे पाळीपाळीने एका निराळ्या प्रवासी गाडीत बसली. खंडेनवमीला आम्ही तिला पुन्हा पाहिले. तरुणाच्या आईने चारही चाकांना हळदकुंकू वाहिले. झेंडूची माळ एका दिव्यावर आली होती, ती तिने हाताने बाजूला सारून बांधली.