पोलादाच्या पोटात

अणुभट्टीतला जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. पंप बदलतात, पाइप बदलतात, शेकडो टनांची बाष्पजनित्रं काढून नवी बसवतात. बदलत नाहीत ते दाबपात्र, म्हणजे ज्याच्या पोटात इंधनातले अणू फुटत असतात ते पोलादी भांडं. भिंत साधारण २० सेंटिमीटर जाड, आत ३०० अंशांच्या वर तापलेलं पाणी, आणि ते उकळू नये म्हणून त्यावर वातावरणाच्या सुमारे १५५ पट दाब. हे भांडंच फुटलं तर पुढे काय, याचं उत्तर भट्टीच्या इतर कुठल्याही सुरक्षा-यंत्रणेपाशी नसतं. म्हणून ते कधी फुटणारच नाही अशा बेतानं घडवलेलं असतं, आणि त्याचं वय तेच भट्टीचं वय.

चाळीस वर्षं वापरलेलं असं भांडं आतून कसं आहे, हे कळतं तरी कसं? त्याला हात लावता येत नाही, त्याच्याजवळ उभंही राहता येत नाही. इंधन बाहेर काढल्यावरही पोलाद किरणोत्सारी असतंच. मग भांडं पाण्यानं भरलेलं ठेवतात आणि त्यात एक यंत्र सोडतात. ते भिंतीलगत फिरत पोलादात श्राव्यातीत ध्वनी सोडतं आणि परतीचा प्रतिध्वनी ऐकतं. तत्त्व सोनोग्राफीचंच. पोलादात ध्वनी सेकंदाला जवळपास सहा किलोमीटर धावतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम सत्तर भाग एवढ्या वेळात तो २० सेंटिमीटर भिंतीच्या पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन परत येतो. काही प्रतिध्वनी त्याआधीच परतले, तर वाटेत काहीतरी आहे.

२०१२च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये, अँटवर्पजवळ शेल्ट नदीकाठच्या डूल केंद्रातल्या तिसऱ्या भट्टीत असे प्रतिध्वनी परतले. एक-दोन नव्हे, जवळजवळ आठ हजार.

खरं तर शोधायला गेले होते वेगळंच. दाबपात्राला आतून स्टेनलेस स्टीलचं पातळ अस्तर असतं. फ्रान्समधल्या त्रिकास्तँच्या एका भट्टीत त्या अस्तराखाली बारीक तडे सापडले होते, तसे इथे आहेत का ते पाहायचं होतं. तोपर्यंतच्या तपासण्यांचा भर वेल्डच्या सांध्यांवर असे, कारण दोष असलाच तर तिथे असणार, अशी रास्त अपेक्षा होती. सांध्यांच्या मधलं अखंड, घडाई केलेलं पोलाद निर्दोष धरलेलं. त्रिकास्तँच्या निमित्तानं त्या पोलादात यंत्रानं प्रथमच नीट कान लावला आणि त्याला भलतंच ऐकू आलं. हे भांडं रॉटरडॅमच्या एका कंपनीनं बनवलं होतं. तिनंच बनवलेलं आणखी एक भांडं म्यूज नदीकाठच्या तियांज केंद्रात, दुसऱ्या भट्टीत होतं. तिथे अशा सुमारे दोन हजार खुणा निघाल्या.

हे दोष भट्टी चालवल्यामुळे झाले नव्हते. ते जन्मजात होते. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन सहज विरघळतो. पोलाद थंड होऊ लागलं की त्याला तेवढा हायड्रोजन सामावून घेता येत नाही. मग सुटे अणू धातूतल्या बारीकसारीक अशुद्धींपाशी गोळा होतात आणि तिथे इतका दाब निर्माण करतात की पोलाद आतल्या आत चिरतं. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पातळ, चपट्या चिरा. विश्वातला सगळ्यांत हलका अणू एवढं जाड पोलाद आतून उकलतो, हे वाचून मी कितीदा तरी थांबलो आहे. त्या चिरा १९७०च्या दशकात पडल्या आणि तीस वर्षांहून अधिक काळ, भट्टी पूर्ण ताकदीनं चालू असताना, कोणालाही न दिसता तिथेच होत्या. कारखान्याच्या त्या काळच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख नव्हता.

मग भांडं तेवढी वर्षं टिकलं कसं? चिरांच्या दिशेमुळे. त्या भिंतीला जवळपास समांतर होत्या, चिरोट्याच्या पदरांसारख्या एकावर एक. आतल्या दाबामुळे भिंत परिघाच्या दिशेनं ताणली जाते, आणि तो ताण समांतर चिरेला उघडत नाही. चीर भिंतीला काटकोनात असती तर तोच ताण तिला फाडत गेला असता. शिवाय त्या वाढतही नव्हत्या, असं मोजमाप सांगत होतं. पुढे २०१४ साली यंत्राची संवेदनक्षमता वाढवल्यावर आकडे १३,०४७ आणि ३,१४९ वर गेले. चिरा तेवढ्याच होत्या, फक्त आता अधिक बारीक ऐकू येत होतं. हा फरक समजावून सांगणं किती अवघड, याची कल्पना करा. लोकांना दिसलं ते एवढंच, की आठ हजारांचे तेरा हजार झाले.

पण लोकांची शंका चुकीची नव्हती. खरा प्रश्न चिरांच्या संख्येपेक्षा खोल होता, आणि तो समजून घ्यायला या विद्येतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट सांगायला हवी.

न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं पोलाद वर्षागणिक ठिसूळ होत जातं. ते किती ठिसूळ झालं हे भिंतीचा तुकडा न तोडता कळावं, म्हणून भट्टी सुरू होतानाच त्याच पोलादाचे छोटे नमुने कुप्यांत भरून आत टांगतात. ते भिंतीपेक्षा इंधनाच्या जवळ असतात, त्यामुळे त्यांच्यावर मारा अधिक होतो. भिंतीवर जी वेळ पुढे कधीतरी यायची असते, ती नमुन्यांवर आधीच येऊन गेलेली असते. ठरावीक वर्षांनी एकेक कुपी काढतात. बोटाएवढा तुकडा, दहा मिलिमीटर रुंद आणि पंचावन्न लांब, मध्ये खाच. त्यावर लंबकाला लावलेला हातोडा सोडतात आणि तो तोडायला किती ऊर्जा लागली ते मोजतात. फ्रेंच अभियंता जॉर्ज शार्पीच्या नावाची ही चाचणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. भट्टी बांधणाऱ्यांनी पुढच्या पिढीतल्या तपासनिसांसाठी पुरावा आधीच ठेवून दिलेला असतो.

डूलच्या कुप्यांत नमुने होते, पण निरोगी पोलादाचे. चिरा पडलेलं पोलाद न्यूट्रॉनांखाली कसं म्हातारं होतं, हा प्रश्न कुपी भरणाऱ्यांना सुचण्याचं कारणच नव्हतं. म्हणून हायड्रोजनाच्या चिरा असलेला दुसऱ्याच एका बाष्पजनित्राचा ठोकळा फ्रान्समधून आणून मोल गावच्या संशोधन-भट्टीत ठेवला. तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त ठिसूळ निघाला. मधल्या काळात सुरू झालेल्या दोन्ही भट्ट्या मार्च २०१४मध्ये पुन्हा बंद झाल्या. आणखी नमुने, आणखी चाचण्या, परदेशी तज्ज्ञांकडून पडताळणी, आणि शेवटी निष्कर्ष असा, की तो ठोकळाच अपवादात्मक होता. नोव्हेंबर २०१५मध्ये नियामकानं परवानगी दिली. जोडीला एक खबरदारी होती. आणीबाणीत भट्टीत सोडायचं थंड पाणी आधीपासून कोमट ठेवायचं, म्हणजे तापलेल्या पोलादाला एकाएकी थंडीचा धक्का बसणार नाही. तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचं पाऊल. पण सीमेपलीकडच्या माणसाच्या मनात यातून एकच विचार येणार: सगळं ठीक आहे, तर पाणी गरम का करता?

तियांजपासून जर्मनीतलं आखेन शहर साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. एप्रिल २०१६मध्ये जर्मनीच्या पर्यावरणमंत्री बार्बरा हेंड्रिक्स यांनी दोन्ही भट्ट्या शंका फिटेपर्यंत बंद ठेवा, अशी विनंती केली. जून २०१७मध्ये तियांजपासून आखेनपर्यंत, तीन देशांतून, सुमारे ५०,००० लोकांनी ९० किलोमीटरची मानवी साखळी धरली. त्याच सप्टेंबरात आखेन भागात नागरिकांना आयोडीनच्या गोळ्या वाटायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी जर्मनीच्याच भट्टी-सुरक्षा आयोगानं सांगितलं, की सुरक्षेची मर्यादा संपल्याचे ठोस संकेत नाहीत, पण काही गृहीतकं प्रयोगानं आणखी पडताळायला हवीत. मला हे दोन्ही एकाच वेळी पटतं. तज्ज्ञांचं गणित बरोबर होतं असं मी मानतो, आणि साखळीत उभ्या राहिलेल्यांचा प्रश्नही बरोबर होता. तपासणीला जेवढं विचाराल तेवढंच ती सांगते. काय विचारायचं हे कोणी ठरवलं, हे जाणून घ्यायचा हक्क शेजारी राहणाऱ्याला आहेच. बेल्जियमच्या नियामकानं आपले जाडजूड तांत्रिक अहवाल सर्वांसाठी खुले केले, ही या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट.

असं न झाल्यावर काय होतं, ते अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात दिसलं. तिथे दोष डोळ्यांसमोर होता. एप्रिल २०००च्या छायाचित्रात दाबपात्राच्या झाकणावरून तांबूस गंजाचे ओघळ उतरलेले दिसतात. हवेचे फिल्टर गंजाच्या कणांनी वारंवार तुंबत होते. नियामकाला झाकणाची तपासणी २००१ संपायच्या आत हवी होती, कंपनीनं फेब्रुवारी २००२पर्यंत मुदत मिळवली. मार्चमध्ये कळलं की गळणाऱ्या पाण्यातल्या बोरिक आम्लानं पोलाद सोळा-सतरा सेंटिमीटर खाऊन टाकलं आहे. एवढा सगळा दाब जेमतेम एक सेंटिमीटरच्या आतल्या अस्तरावर पेललेला होता, जे त्या कामासाठी केलेलंच नव्हतं. नियामकाला चुकीची माहिती दिल्याबद्दल कंपनीला पुढे २.८ कोटी डॉलर भरावे लागले.

डूलची तिसरी भट्टी सप्टेंबर २०२२मध्ये आणि तियांजची दुसरी जानेवारी २०२३अखेर कायमची बंद झाली. कारण चिरा नव्हे, चाळीस वर्षांची कायदेशीर मर्यादा.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या या दोघींपेक्षा जुन्या आहेत. त्या १९६९मध्ये वीज देऊ लागल्या. त्यांची जात वेगळी, पाणी भट्टीतच उकळवणारी, आणि तिथली मोठी दुखणी पाण्याच्या पाइपांना गंज व ताण मिळून पडणाऱ्या तड्यांची. पाइप बदलता येतात. दाबपात्र तेच राहतं, आणि त्याच्या पोलादाचे नमुने तपासण्याचं काम तुर्भ्याच्या भाभा केंद्रात झालेलं आहे. तो लंबक काय म्हणाला, कुठल्या भागाला कान लावला आणि कुठल्या भागाला अजून लावायचा आहे, हे पालघर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत लागावं, असं मला मनापासून वाटतं. तिथले मच्छीमार आणि शेतकरी ते नीट वाचतील, आणि त्यांचे पुढचे प्रश्न तपासनिसांच्या उपयोगी पडतील.