करंडकांपलीकडचे विजय बारसे

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना एकदा भर पावसात झोपडपट्टीतील मुले फुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना दिसली. त्यांनी मुलांच्या हाती खरा चेंडू दिला. त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. पुढे निवृत्तीची रक्कमही त्यांनी या मुलांसाठी जमीन घेण्यात घातली. म्हातारपणाची पुंजी मोडताना हात किती आखडतो, हे व्यापारी घरांना सांगावयास नको! बारसे यांचा हिशेब मात्र चषकांचा नव्हता. मूल जितका वेळ मैदानावर, तितका वेळ ते व्यसनापासून व गुन्ह्यापासून दूर. गुन्हेगारीकडे वळलेला असाच एक तरुण २०१० मध्ये ब्राझीलमधील बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला आणि परतल्यावर वस्तीतील मुलांना खेळ शिकवू लागला.