उघडलेला घाट आणि परतीची वाट

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरची वाट धरून नाणेघाटाच्या माथ्याशी पोहोचले, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण दिसतो. कल्याण बंदरातून वर चढणाऱ्या तांड्यांची जकात या रांजणात पडत असे, असे आमच्या जुन्नर-आंबेगावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नारायणगाव, ओतूर, मंचर या गावांतील घरांत द्राक्षे, टोमॅटो आणि मुलांच्या पगारातून आता थोडी शिल्लक पडू लागली असून, परकीय भांडवलास अलीकडेच दार उघडणाऱ्या देशांत ती गुंतवावी काय, असे लोक मला विचारतात, तेव्हा मला हा रांजणच प्रथम आठवतो.

कारण पहिला गैरसमज असा, की हा व्यवहार आपल्या मुलखास सर्वस्वी परका आहे. वस्तुस्थिती अशी, की जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी व खोदकामे आहेत आणि त्यांच्या दात्यांत इरिल, चित आणि चंद असे तीन यवन, म्हणजे ग्रीक, शिलालेखांतून स्वतःच्या नावाने आपल्यासमोर उभे आहेत. शिवनेरीवर एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप दिला, आणि तिसऱ्याने मानमोडीच्या लेण्यास दर्शनी भाग करून दिला. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दान केले, तर बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींच्या व्याजावर धर्मकार्य चाले. म्हणजे परमुलखाशी जोडलेली पेठ आणि व्याजी लावलेले भांडवल, या दोन्ही गोष्टी येथे दोन हजार वर्षांपूर्वी वहिवाटीत होत्या.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, आणि त्यापायीच माणसे सर्वाधिक बुडाली आहेत, असे माझे मत आहे: एकदा उघडलेली पेठ उघडीच राहते, हा तो गैरसमज. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत आमच्या घाटाच्या पायथ्याचे कल्याण बंदर येते. थोरल्या सारगनोसच्या काळी हे बंदर व्यापारास रीतसर खुले होते. पुढे ते सँडॅरीसच्या ताब्यात गेल्यावर तेथे मोठे अडथळे आले, आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव निर्माण झाला, असे तो व्यापारी आपल्या धंदेबंधूंना बजावतो. पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई, आणि भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे तोच लिहितो. नाणेघाटाची जवळची वाट असताना हा वळसा ज्यांच्या पदरी पडला असेल, त्यांचा माल तोच होता, गिऱ्हाईकही तेच होते, बदलला होता तो केवळ अंमल.

ही गोष्ट आळेफाट्याच्या उपबाजारात कांदा नेणाऱ्या शेतकऱ्यास समजावून सांगावी लागत नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. 4 मे 2024 रोजी ती खुली झाली, पण टनाला 550 डॉलर किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. आणि ते शुल्क उतरत उतरत पूर्णतः उठले 1 एप्रिल 2025 रोजी. बराकीतला कांदा सरकारी हुकमाची वाट पाहत थांबत नाही, हे ज्याने स्वतः भोगले आहे, त्याने परदेशी भागबाजारात पैसा घालतानाही तोच प्रश्न विचारावा: आत जाण्याची मुभा कोणी दिली, आणि बाहेर येण्याची मुभा कोणाच्या हाती आहे? 1 सप्टेंबर 1998 रोजी मलेशियाने भागबाजारातील परकीय भांडवल वर्षभर देशाबाहेर नेण्यास मनाई केली. दार आपल्या बाजूनेही लागू शकते: परदेशांत पैसा गुंतवणाऱ्या भारतीय म्युच्युअल फंडांची 7 अब्ज डॉलरची सामाईक मर्यादा भरत आली, तेव्हा फेब्रुवारी 2022 मध्ये सेबीने त्यांना नवा पैसा घेण्याचे थांबविण्यास सांगितले.

परदेशी गुंतवणुकीस आडमार्गच लागतो, असेही काही जण समजतात. ते खरे नाही. रिझर्व्ह बँकेने 2004 मध्ये 25,000 डॉलरपासून सुरू केलेल्या योजनेखाली आज प्रत्येक रहिवासी व्यक्तीस वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठविता येते.

देश झपाट्याने वाढत असेल तर तेथील गुंतवणूकही त्याच वेगाने वाढते, ही समजूत वरवर पाहता तर्कशुद्ध वाटते. व्हिएतनामचा भागबाजार जुलै 2000 मध्ये अवघ्या दोन कंपन्यांनिशी उघडला. त्याचा निर्देशांक 100 वरून वर्षाच्या आतच, जून 2001 मध्ये, 571 वर गेला आणि ऑक्टोबर 2003 मध्ये 130 च्या आसपास येऊन ठेपला. या सर्व काळात त्या देशाची अर्थव्यवस्था दरसाल सहा-सात टक्क्यांच्या आसपास वाढतच होती! भाग थोडे आणि घेणारे फार, म्हणून किंमत चढली होती. देशाच्या वाढीचे मोल खरेदीच्या दिवशीच चुकते केले होते, मग पुढे मिळावयाचे काय?

परंतु हे ऐकून जे लोक अशी गुंतवणूक म्हणजे निव्वळ जुगार असे ठरवितात, त्यांच्याशीही मी सहमत नाही. आपला देश स्वतः असाच एक नव्याने उघडलेला मुलूख होता. जुलै 1991 मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, सप्टेंबर 1992 मध्ये परकीय गुंतवणूक संस्थांना आपल्या भागबाजारात प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी रोखे घोटाळाही उघडकीस आला. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस फेब्रुवारी 1993 मध्ये 95 रुपयांनी भाग विकावयास आली, तेव्हा त्यांना पुरती मागणीसुद्धा आली नाही; उरलेल्या भागांतील मोठा हिस्सा मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी पेढीने घेतला. लाभ मिळाला तो घोटाळ्याच्या वर्षातही हिशेबाची वही तपासून पाहणाऱ्यांना, आणि कायदा, नियामक व डीमॅट खात्यांतील भाग ही सारी व्यवस्था उभी राहीपर्यंत थांबण्याचे बळ ज्यांच्या पैशात होते त्यांना. उसन्या पैशाला ते बळ नसते.

राहिला चलनाचा प्रश्न, जो बहुतेकांच्या ध्यानीच येत नाही. ऑगस्ट 1998 मध्ये रशियाने आपले देशांतर्गत कर्जरोखे फेडण्यास नकार दिला, तेव्हा डॉलरला सुमारे 6 रूबल पडत. वर्षअखेर 20 हून अधिक पडू लागले. ज्यांना त्या रोख्यांवरील भरघोस व्याजदर म्हणजे कमाई वाटली होती, त्यांना तो दर याच संकटाची आगाऊ किंमत होता हे उशिरा कळले.

अंमल बदलला की ठेवीचे आणि चलनाचे काय होते, हेही आमच्या मुलखाने पाहिले आहे. नहपान क्षत्रपाचा अंमल जुन्नरवर होता, हे मानमोडीवरील त्याच्या अयम नावाच्या अमात्याच्या 46 व्या वर्षाच्या लेखावरून दिसते. त्याचाच जावई उषवदात याने नाशिकच्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापण व्याजी लावले, तेही एका ठिकाणी नव्हे: 2000 विणकरांच्या एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दुसरीत शेकडा पाऊण दराने, मुद्दल कधीही न उचलण्याच्या अटीवर, आणि निगमसभेत जाहीर करून रीतसर दप्तरी नोंदवून. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे 1906 साली जो साठा सापडला, त्यात नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारला होता. राजा बदलला, तरी नाण्यातली चांदी होती तेवढीच राहिली. कागदी चलनाला तेवढाही आधार नसतो.